सेवेचे तास

माझी सरकारी नोकरी मोजणीची. देशाचं मानवी भांडवल किती, ते काढायला आम्ही दारोदार फॉर्म घेऊन हिंडतो. कोण किती शिकला, हातात कसब काय, दिवसाला काम किती तास. स्वतःच्या घराची माहिती स्वतः भरायची नाही, म्हणून गोव्यात डिचोलीला आमच्याकडे माझी सहकारी आली. मी चहा ठेवायला आत गेलो, कान मात्र बाहेर.

बाबा गणपती करतात, विसाव्या वर्षापासून. चतुर्थीआधी लोक मूर्ती बसवायचे आपापले पाट आमच्या चित्रशाळेत, म्हणजे मूर्ती घडवायच्या खोलीत, आणून ठेवतात. किंमत कोणी विचारत नाही. मूर्ती नेताना विडा-नारळ ठेवायचा, वर ज्याच्या मनाला येईल ते. औंदा बाबांचा हात कापतोय, डोळे आखताना फारच. पुढच्या वर्षी हे पाट कोणाकडे जाणार, हा एकच घोर त्यांना लागलाय.

"काम काय करता, बाबा?" तिने विचारलं.

"काय नाय."

"आणि हे गणपती?"

"ती सेवा गो. ते काम कसं?"

अरे देवा! बारा-बारा तास मातीत बसणारा माणूस म्हणतो, काय नाय! मी तणतणत बाहेर आलो. "बाबा, अशानं तुमची नोंद बिनकामाचे म्हणून लागेल!"

"लागू दे. सेवेचे तास मोजतात? तुका लाज नाय?"

म्हातारा पेटला की ब्रह्मदेवाचंही ऐकत नाही. सांगतात तसंच लिही, मी तिला म्हटलं. तिने लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला, "हे कोणाला शिकवलंत?"

"एकाक. ह्याका." बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "धा वर्षांचा असताना ह्यानं आखलेले डोळे माझ्यापेक्षा बरे होते. मीच ह्याला उठवला. म्हटलं, शिकून नोकरीला लागू दे."

मला धक्काच बसला. 'इथं तुझं काम नाही, अभ्यासाला बस,' एवढंच ते तेव्हा म्हणाले होते. माझा हातच वाईट, असं धरून मी आजवर जगलो. राग आला, रडूही आलं. सहकारी बिचारी फॉर्ममध्ये डोकं घालून बसली.

ती गेल्यावर बाबांनी एक मूर्ती माझ्यापुढे सरकवली आणि कुंचला दिला. डावा डोळा वाकडा गेला. त्यांनी तो ओल्या फडक्याने पुसला.

"उद्यापासून रजा घाल."

"किती दिवसांची?"

"हात बसायला धा वर्षं लागतात," बाबा म्हणाले. मग फडकं पिळत, "तू पंधरा दिवसांची तरी घाल."