खोपोलीतला तास

निवृत्तीचं घर तिकोणा पेठेत, अगदी गडाच्या पायथ्याशी. मुलगा चाकणला कंपनीत आहे आणि तिथंच राहतो. बायको भामाबाई खोपोलीत, चार वर्षांपासून. भांडण झालं नाही, काही नाही. तिची आई बयाबाई लकव्यानं अंथरुणाला खिळली. सांभाळायला होता तो एकुलता भाऊ, आणि तो त्याआधीच वारलेला. म्हातारीला आपल्याकडं घेऊन येऊ, असं निवृत्ती म्हणाला होता. म्हातारीची जीभ अडखळायची, पण एक वाक्य तिनं अगदी स्पष्ट उच्चारलं, "जावयाच्या घरात मरायची न्हाई मी." लेकीच्या सासरी घोटभर पाणी प्यायलासुद्धा संकोचणाऱ्या बायकांमधली ती. मग भामाबाईच घाटाखाली गेली. जाताना महिनाभराच्या बेतानं दोन साड्या घेतल्या होत्या.

निवृत्ती पंचावन्नचा. सत्तावीस वर्षं स्टिअरिंग धरून त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा उतरलेला आहे. लोणावळ्यात समीक्षाच्या पिकअपवर तो ड्रायव्हर आहे. तिच्या वडिलांनी सुरू केलेला धंदा आता तीच बघते. लोणावळा-खंडाळ्याच्या हॉटेलांतल्या मळक्या चादरी, टॉवेल, अभ्रे गाठोडी बांधून खोपोलीच्या लॉन्ड्रीत न्यायचे आणि आदल्या दिवशीचे धुतलेले वर आणायचे. निवृत्ती सकाळी हॉटेलं फिरून गाठोडी भरतो, अकराच्या सुमारास लॉन्ड्रीत पोचतो. तिथली माणसं गाडी रिकामी करून पुन्हा भरतात, त्याला वीस मिनिटं लागतात. ती वीस मिनिटं निवृत्तीची.

दोन गल्ल्या ओलांडल्या की भामाबाईची खोली. जाण्यायेण्यात पाच मिनिटं जातात. उरलेल्या पंधरांत तो भाकरी खातो. ती उंबऱ्याजवळ अशी बसते की आईचा पलंगही दिसावा आणि त्याचं ताटही. पाटलांची म्हैस व्याली, परसातल्या शेवग्याची फांदी मोडली, पोराचा फोन आला होता. पंधरा मिनिटांत माणूस बातम्या सांगू शकतो. त्यापलीकडचं काही बोलायचं असेल तर आधी थोडा वेळ गप्प बसावं लागतं, आणि गप्प बसायला त्यांच्याकडं वेळ नव्हता.

या पावसाळ्यानंतर पिकअपला पंधरा वर्षं पूर्ण झाली. आता तिचं पासिंग होणार नव्हतं. नवी कुठली घ्यायची, यावर समीक्षाच्या गाळ्यात रोज बोलणी चालली.

"डिझेलच घ्या ताई," निवृत्ती म्हणाला. "घाट हाय आपल्याला. बॅटरीवर घाट चढायचा म्हंजे मोबाईलवर भात शिजवायचा."

समीक्षा हसली. "सीएनजी?"

"पंपावर रांग बगितली का? चादरी वाळून जुन्या व्हतील."

"हायब्रिडचं बघितलं मी. इंजिन आणि बॅटरी, दोन्हीचं चांगलं असतं म्हणे त्यात."

"मग घ्या की."

"मोटारी मिळतात तशा. आपल्या वजनाचा टेम्पो कुणी करत नाही." तिनं हातातलं गाड्यांचं माहितीपत्रक मिटलं. "बॅटरीची गाडी शोरूमवाले तीन दिवस चालवून बघायला देतायत. बघू या. एकच नियम सांगितलाय त्यांनी, खाली पोचल्यावर काट्यावर पंचेचाळीस टक्क्यांच्या वर चार्ज असेल तरच घाट चढायचा. नसेल तर खोपोलीतच चार्जिंगला लावायची. तासभर जाईल."

निवृत्तीनं मान हलवली. तासभर हा शब्द त्याला तेव्हा नुसता गैरसोयीचा वाटला.

पहिल्या दिवशी त्यानं नेहमीसारखी हॉटेलं फिरून गाठोडी भरली. घाटाच्या तोंडाशी काटा बेचाळीसवर होता. घाटातल्या शिंगरोबाच्या देवळाला हात जोडून तो खाली निघाला. जुनी गाडी तो खालच्या सरळ उतारावर गिअर काढून न्यूट्रलला टाकायचा. घाटात असं करू नये, हे माहीत असूनही या रस्त्यावरचे निम्मे ड्रायव्हर तेच करतात. वाचलेल्या डिझेलचा प्रत्येकाला आपापला अभिमान असतो. या गाडीत गिअरचा दांडा नव्हता, फिरवायचं गोल बटण होतं. तरी उतार आला तसा त्याचा हात आपोआप त्या बटणाकडं गेला आणि गाडी न्यूट्रलला पडली.

खोपोलीत काटा चाळीस दाखवत होता. त्यानं समीक्षाला फोन केला, गाडी चार्जिंगला लावली आणि भामाबाईच्या दारात उभा राहिला.

भाकरी खाऊन झाली. सवयीनं तो उठू लागला, मग पुन्हा बसला.

"काय झालं?" भामाबाईनं विचारलं.

"गाडी चार्ज व्हतीया. तास लागंल."

"तास?" ती जरा गोंधळली. एवढ्या वेळाचं काय करतात, हे तिला एकदम आठवेना. मग तिनं ताट उचललं, हात पुसले, आणि उंबऱ्याजवळ न बसता त्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. बयाबाईला झोप लागली होती. बराच वेळ दोघं काही बोलली नाहीत. नंतर ती म्हणाली, "परवा मला आपल्या घराचा वास आला. भांडी घासताना. कसला ते कळंना."

"कसला असंल?"

"कोंदट. पावसातल्या भाताच्या कणगीचा." ती पदराशी चाळा करत राहिली. "बंद ठिवता का वो घर सगळं?"

"एकच खोली उघडतो."

"उघडत जावा. भिंतींना वारं लागूद्या."

निघताना तिनं विचारलं, "हीच गाडी घेनार का ताई?"

"घेतली तर रोज असाच तास थांबावं लागंल," तो म्हणाला. बोलून झाल्यावर त्याला कळलं की हे तो आनंदानं म्हणाला होता.

त्या दिवशी चादरी दीड तास उशिरा पोचल्या. खंडाळ्याच्या एका हॉटेलात आरती नावाची बाई खोल्या आवरते, वरच्या ठाकरवाडीची. गाद्या उघड्या टाकून ती मागच्या दाराशी उभी होती.

"काका, तीनची एसटी गेली माझी."

"गाडी नवी हाय, आरती."

"माझं पोरगं पन नवंच हाय. सात म्हैन्याचं." तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं. मग ती जिना चढून गेली.

दुसऱ्या दिवशी समीक्षा स्वतः शेजारी बसली. शिंगरोबाच्या खाली सरळ उतार लागला, आणि निवृत्तीचा हात हलला.

"काका, काय केलंत?"

"न्यूट्रल."

"कशाला?"

"उतार हाय न्हवं."

"म्हणजे डिझेल वाचवताय?"

"व्हय." मग तो थांबला. "आता, सवय म्हना."

समीक्षा इतकी हसली की तिला खोकला आला. "काका, डिझेल आहे कुठं हिच्यात? ही गाडी गिअरमध्ये उतरली की चाकं बॅटरी भरतात. चढताना जेवढं खर्चलं त्यातलं थोडं उतार परत देतो. तुम्ही ते काल रस्त्यावर सोडून आलात."

त्यानं बटण फिरवलं. कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी गाडी जड झाली. काट्याचा आकडा वाढू लागला. चव्वेचाळीस. शेहेचाळीस. सत्तावीस वर्षांत निवृत्तीनं काटा फक्त खाली येताना बघितला होता. एका वळणावर तो रस्ता सोडून त्या आकड्याकडंच बघत राहिला, आणि समीक्षाला म्हणावं लागलं, "पुढं बघा."

खाली एकोणपन्नास. थांबायची गरज नव्हती. समीक्षा बरोबर असल्यानं तो भामाबाईकडं गेलाच नाही. लॉन्ड्रीच्या पायरीवर चहा घेतला आणि दोन गल्ल्यांच्या दिशेला पाठ करून उभा राहिला.

परतताना समीक्षा म्हणाली, "उद्या तुम्ही एकटेच जा. गाडी तर मी घेणारच. फक्त तासाचा थांबा धरायचा की नाही, एवढं उद्या ठरवू. धरावा लागला तर हॉटेलवाल्यांना सांगून ठेवीन, चादरी साडेतीनला म्हणून."

म्हणजे आता ते त्याच्याच हातात होतं. रात्री एकट्याची भाकरी थापताना त्यानं स्वतःला समजावलं की एका बटणाचा प्रश्न आहे. लबाडी म्हणावी इतकी मोठी गोष्टसुद्धा नाही. गाडीची नासधूस नाही, कुणाचं काही चोरायचं नाही. जी सवय सत्तावीस वर्षं होती तीच ठेवायची, बस. रोजचा एक तास. भामाबाई शेजारी भिंतीला टेकून बसेल. झोपायच्या आधी त्यानं बंद खोलीची कडी काढली, खिडकी उघडली. वारा आला, भाताचा वासही आला. मग त्याला आरतीची उघडी गादी आठवली आणि तो कूस बदलत राहिला. त्याचा तास कुठून येणार, हे त्याला समजत होतं.

तिसऱ्या दिवशी घाटाच्या तोंडाशी काटा बेचाळीसवरच होता. वरची वळणं त्यानं नीट उतरली. सरळ उतार आला. त्याचा हात बटणावर गेला आणि तिथंच राहिला. बटण गार होतं. शेजारून एक भरलेला ट्रक गेला, एक दुधाची गाडी गेली. त्यानं हात उचलून स्टिअरिंगवर ठेवला आणि उतार संपेपर्यंत काट्याकडं बघितलं नाही.

खाली पन्नास होते.

भामाबाईच्या खोलीत आज फरशी पुसलेली होती. बयाबाईची अंघोळ, वेणी सगळं अकराच्या आत उरकलेलं. स्टोवच्या बाजूला पुरणाचं पातेलं होतं. चटई अंथरली होती, आणि चटईवर दोन ताटं.

"काल आला न्हाईसा," ती म्हणाली. "म्हनलं ताई बरुबर असंल. बसा, सावकाश जेवू. मी पन थांबलीया जेवायची."

तो दारातच उभा राहिला.

"भामे, आज थांबावं लागत न्हाई."

"म्हंजे?"

"चार्ज हाय गाडीत. पैल्या दिवशी माझंच चुकलं व्हतं." त्यानं न्यूट्रलचं सांगितलं, उताराचं सांगितलं, आणि आरतीच्या पोराचंही सांगितलं, सात महिन्यांचं आहे म्हणून. ती ऐकत होती. ऐकताना तिनं ताटातली एक पुरणपोळी दुमडली, मग दुसरी, आणि दोन्ही फडक्यात बांधल्या.

"किती येळ हाय?"

"धा मिन्टं."

बयाबाई पलंगावरून काहीतरी पुटपुटली. भामाबाईनं वाकून ऐकलं, आणि तिच्या तोंडावर पहिल्यांदाच हसू आलं. "ती म्हनतीया, जा नाक्यापोत. मी मरत न्हाई तवर."

शेजारणीला हाक मारून भामाबाई त्याच्याबरोबर लॉन्ड्रीपर्यंत आली. गाडी भरून तयार होती. ती केबिनमध्ये चढली, फडकं मांडीवर घेतलं. लॉन्ड्रीपासून घाटाच्या नाक्यापर्यंत दोन किलोमीटर. गाडीत आवाज असा नव्हताच. जुन्या पिकअपमध्ये ती कधी बसली असती तर ओरडून बोलावं लागलं असतं. इथं तिचा श्वासही त्याला ऐकू येत होता.

"खिडकी उघडली काल," तो म्हणाला. "आतल्या खोलीची."

"बरं केलं."

"कनगीत थोडा इंद्रायणी भात हाय अजून. तू गेल्यावर मी तिकडं बगितलंच नव्हतं."

ती बाहेर बघत राहिली. नाका आला तेव्हा म्हणाली, "हितंच थांबवा." उतरून तिनं फडकं सीटवर ठेवलं, दार दोनदा आपटलं, कारण पहिल्यांदा नीट लागलं नव्हतं. आरशात ती थोडा वेळ दिसली, उन्हासाठी पदर कपाळावर ओढून परत चालत जाणारी.

लोणावळ्याची हॉटेलं करून दोनच्या आधी चादरी खंडाळ्यात होत्या. आरती जिन्यातून खाली आली, गाठोडं उचललं आणि जाता जाता म्हणाली, "आज एसटी घावंल." एवढंच.

संध्याकाळी समीक्षानं आकडा ऐकला. "पन्नास! मग थांबा नाही धरायचा. झालं, ठरलं."

"ताई," निवृत्ती म्हणाला, "मी गाठोडी आदल्या सांजंलाच भरून ठिवली तर? मग सकाळी लवकर खाली उतरता येतंय."

"संध्याकाळी पुन्हा सगळी हॉटेलं फिरायची? दोन तास जातील तुमचे."

"जाऊद्या."

"आणि लॉन्ड्री दहाशिवाय उघडत नाही. नऊला जाऊन खोपोलीत काय करणार?"

निवृत्तीनं चार्जिंगची वायर गुंडाळायला घेतली. सहा वेटोळी झाली, सातवं झालं. या धंद्यात येऊन त्याला अकरा वर्षं झाली होती, त्यातली चार भामाबाई खाली होती, आणि हे त्यानं समीक्षाला कधी सांगितलं नव्हतं.

"खाली मंडळी हायेत माझी," तो म्हणाला. "तिच्या आईचं करती."

समीक्षानं टेबलाचा खण उघडला आणि गाडीची दुसरी किल्ली त्याच्यापुढं ठेवली.

"गाडी घरीच नेत जा, काका. चार्जर तिकोण्याला बसवून घेऊ. म्हणजे सकाळी इथं यायला नको. परस्पर उतरा."