साडूंचा तात्पुरता पत्ता

रागावण्यात आमच्या साडूंचा हात धरेल असा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात मला अजून भेटलेला नाही. रागीट माणसं पुष्कळ असतात, पण ती आपली बायकोवर, पोरांवर, फार तर तलाठ्यावर रागावतात. साडू घरात कुणाला चढ्या आवाजात हाक मारत नाहीत. त्यांचा राग राखून ठेवलेला असतो तो ज्यांना कान नाहीत अशा गोष्टींसाठी. बसच्या पाटीवर त्यांच्या देवळीचं नाव पुलगावच्या नावापेक्षा बारीक अक्षरात का लिहिलं, यावर ते एकदा वर्ध्याच्या बसस्थानकात पाऊण तास बोलले, आणि तेवढ्यात ती बस त्यांना न घेताच निघून गेली. टीव्हीवर वर्ध्याचं तापमान सांगितलं की "आमच्या गावाले ऊन लागत नाई काय?" असं ते टीव्हीलाच विचारतात. लग्नपत्रिका हातात आली की खिशातून लाल पेन निघतं. कोणाचं नाव कोणाच्या खाली गेलं, कोणता मामा राहिला, कोणत्या आजोबांच्या आधी कैलासवासी लावायचं विसरले, सगळं दुरुस्त होतं, आणि ती दुरुस्त पत्रिका ते आहेराच्या पाकिटासोबत नवरदेवाच्या बापाच्या हातात देतात. त्या वेळी अंतरपाट धरलेला असला तरी त्यांचं काही अडत नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. देवळीत त्यांचं पोळ्याच्या साजाचं दुकान आहे. झुली, घुंगरमाळा, बाशिंगं, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे तान्ह्या पोळ्याचे चाकं लावलेले लाकडी बैल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडची झाडून सगळी लहान मुलं असे बैल सजवून मिरवतात, त्यामुळे या दुकानाला श्रावणात पाय ठेवायला जागा नसते. दुकान साडूंचं आणि त्यांच्या थोरल्या भावाचं. थोरले गिऱ्हाइकाशी बोलत, साडू मागे बसून बैलांचे डोळे रंगवत. डोळा जमला नाही तर तो बैल विकायचा नाही, असा त्यांचा नियम. एका बैलाची नजर त्यांना लबाड वाटली, म्हणून तो तीन वर्षं फळीवर भिंतीकडे तोंड करून उभा होता.

मी सिंदी मेघेला राहतो आणि पॉलिटेक्निकात कॉम्प्युटर शिकवतो, तेव्हा दुकानाची वेबसाइट काढायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. तिच्या पत्त्यात दोघा भावांची नावं घातली. थोरल्यांचं आधी, साडूंचं मागून, मध्ये फट नाही. मग मी म्हणालो, "भाऊ, लोक नेटवर शोधतात तेव्हा दुकानाच्या नावाखाली दोन ओळींची माहिती दिसते. तेवढी लिहून द्या." साडूंनी चार दिवसांनी मला फुलस्केप कागद दिला, दोन्ही बाजूंनी भरलेला. वर श्री, खाली कुलस्वामिनी, मग पणजोबा, आजोबा, वडील, आर्वीचे मामा, हिंगणघाटच्या आत्याचे यजमान, समस्त भाऊबंद, आणि अगदी शेवटी, जागा उरली म्हणून, "लाकडी बैल मिळतील". मी समजावून पाहिलं. ते म्हणाले, "मास्तर, एक नाव काढलं तं तुम्ही जाऊन समजूत काढजा त्याची." मी मुकाट्याने सगळं टाकलं.

शोधयंत्राने त्यातलं आजोबांपर्यंत दाखवलं आणि पुढे तीन टिंबं दिली. त्या टिंबांनी दोन महिने घरात जे रामायण केलं ते मी विसरू शकत नाही. हिंगणघाटच्या आत्याच्या यजमानांनी फोन उचलायचं बंद केलं. साडू तर शोधयंत्राला माणूसच समजतात. त्याला त्यांनी शोध्या असं नाव ठेवलं आहे, आणि देवळीत कुठे तरी त्याची कचेरी असावी अशा थाटात ते त्याच्याबद्दल बोलतात. "आजोबाले खुर्ची देली अन् मामाले दाराबाहेर उभं केलं त्या शोध्यानं. कोणाच्या घरी असं असते?" शेवटी मी वडीलधाऱ्यांची नावं आतल्या पानावर नेली आणि दोन नेटक्या ओळी लिहिल्या. तर शोध्याने त्या घेतल्याच नाहीत. दुकानातल्या भिंतीवरच्या सगळ्या सूचना वेबसाइटवर पाहिजेत असा साडूंचा हट्ट होता. नेमकं त्यातलंच उचलून त्याने दुकानाच्या नावाखाली मांडलं: बैलांना हात लावू नये, पाहून झालं असल्यास पुढच्याला जागा द्यावी.

मी त्यांना सांगितलं की आपण लिहितो ती नुसती विनंती असते, त्याला पटलं नाही तर तो पानातलं दुसरं काहीही उचलतो. साडू म्हणाले, "म्हंजे मी माह्या तोंडानं सांगून राह्यलो का मी कोण आहो, अन् तो म्हणते तू गप राय, मी सांगतो तू कोण ते?" हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवत आलो आहे, पण यात कुणाचा अपमान होतो हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना मलाही शोध्याचा राग आला, आणि खरं सांगायचं तर तो अजून गेलेला नाही.

त्यानंतर दोघा भावांचं बिनसलं. थोरल्यांना फायबरचे बैल आणायचे होते. रंगीत, हलके, पोटात दिवा लागणारे. साडूंनी नमुन्याला आणलेल्या बैलाचे डोळे पाहिले आणि म्हणाले, "ह्याले डोये नाईत, बटनं हायेत." थोरल्यांना ते लागलं. बोलण्याने बोलणं वाढत गेलं आणि उन्हाळ्यात थोरल्यांनी जाम गावाला, हैदराबादच्या हायवेच्या चौफुलीवर, आपलं वेगळं दुकान मांडलं. देवळीच्या दुकानाला साडूंनी वेबसाइटवर एकट्याच्या नावाचा नवा पत्ता घेतला. जुन्या पत्त्यावर येणारी माणसं नव्या पत्त्यावर आपोआप पोचावीत अशी सोय करायला मी बसलो. तिथे दोन प्रकार असतात. पत्ता कायमचा बदलला असं कळवलं तर शोधयंत्र जुनं नाव हळूहळू मिटवतं आणि नवं धरतं. तात्पुरता बदलला असं कळवलं तर ते जुनंच नाव दाखवत राहतं, फक्त दार नवीन दुकानाचं उघडतं. मी हे सगळं सांगून विचारलं, "कायमचा ना?"

साडू असे भडकले की हातातला ब्रश खाली ठेवायचंही भान राहिलं नाही, आणि माझ्या सदऱ्यावर काळ्या रंगाचा ठिपका पडला. "कायमचा काऊन म्हणता? भावाभावाचं काही कायमचं राहते काय? तात्पुरता लिहा." शोधयंत्राला भावाभावातलं काही कळत नाही, असं मी म्हणायला हवं होतं. मी तात्पुरता लिहिलं.

शोध्याने या एका बाबतीत सांगितलेलं तंतोतंत ऐकलं. महिने गेले तरी तो दोघा भावांचंच नाव दाखवत होता, आणि त्यावर बोट ठेवलं की एकट्या साडूंचं दुकान उघडत होतं. हैदराबादकडून येणारा एक माणूस थोरल्यांच्या नावाने फायबरचे बैल शोधता शोधता जाम मागे टाकून थेट देवळीला पोचला, आणि साडूंनी त्याला बटणांच्या डोळ्यांवर व्याख्यान दिलं. ही गोष्ट जामला कळायला किती वेळ लागणार? थोरल्यांचा मला फोन आला. आवाज अगदी शांत होता. "मास्तर, माह्या नावानं माणूस बोलावते अन् आपल्या दुकानात नेते. हे बरं नाई. त्याले सांगजा, माहं नाव काढून टाक म्हणा. कायमचं."

मी निरोप सांगितला. साडू शोध्यावर तुटून पडले. त्याच्या अकलेवर, त्याच्या घराण्यावर, त्याला कामावर ठेवणाऱ्यावर. "त्यानंच लावलं हे भांडण. मी काय दादाचं गिऱ्हाईक ओढून राह्यलो काय?" रोज संध्याकाळी फोन. शोध्याला पत्र पाठवा, शोध्याची तक्रार कुठे होते ते पाहा. आठवडाभर मी ऐकून घेतलं. आठव्या दिवशी माझाही तोल गेला. मी म्हणालो, "भाऊ, त्या यंत्राने काही केलेलं नाही. दादांचं नाव लावून दादांच्या गिऱ्हाइकाला आपल्या दारात तुम्ही आणलं. एक शब्द बदला, मी आत्ता बदलतो, नाव जाईल. नाही बदलायचा तर त्या बिचाऱ्याला शिव्या देऊ नका." वडील साडूंशी असं कुणी बोलत नाही. मग ते म्हणाले, "नाव गेलं तं मंग राह्यलं काय, मास्तर?" आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ते सिंदी मेघेला माझ्या घरी आले. चहा घेतला नाही. माणसं वळवणं बंद करा आणि जुन्या पत्त्यावर एक पान ठेवा म्हणाले. त्या पानावर काय लिहायचं ते त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं, एकाही पूर्वजाचं नाव न घेता: फायबरचा बैल पाहिजे तर जामला थोरल्यांकडे जावे, लाकडाचा पाहिजे तर देवळीला धाकट्याकडे यावे, दोन्हीकडे माल चांगला मिळतो. 'चांगला' हा शब्द सांगताना त्यांना किती कष्ट पडले ते मी पाहिलं आहे. मी पान चढवलं आणि त्याचा फोटो काढून काहीही न लिहिता जामला पाठवला. तिकडून उत्तर आलं नाही. शोधयंत्र तर पुढचे तीन आठवडे जुनीच माहिती दाखवत राहिलं. साडू रोज विचारायचे, "आलं काय?" मी म्हणायचो, "अजून नाही." ते हं म्हणायचे आणि फोन ठेवून द्यायचे. रागवायचे नाहीत, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

पोळ्याच्या चार दिवस आधी मी देवळीच्या दुकानात बसलो होतो. समुद्रपूरकडचा एक शेतकरी मुलीला घेऊन आत आला. मुलीने लाकडाचा बैल पाहिजे म्हणून हट्ट धरलेला. साडूंनी सवयीने विचारलं, "नेटवर पाह्यलं काय?"

"नाई जी," तो म्हणाला. "जामले गेलतो. तेथच्या दुकानातले मोठे भाऊ म्हणाले, लाकडाचा पाह्यजे असन तं देवळीले जा, माह्या धाकट्याकडं. त्याच्यासारखे डोये जिल्ह्यात कोणी काढत नाई म्हणे."

साडूंनी वरच्या फळीवरून एक बैल काढला, पुसला, पुन्हा पुसला, मुलीच्या हातात दिला. दोरी बांधून दिली. तो माणूस पायऱ्या उतरायला लागला तेव्हा साडूंनी त्याला हाक मारून थांबवलं. तो वळला. साडूंना काय विचारायचं होतं ते त्यांनाच नीट सापडत नव्हतं बहुतेक, कारण मधे त्यांनी हात धोतराला पुसले, गल्ला उघडला आणि बंद केला.

"दादा जेवले होते काय?" त्यांनी विचारलं.