बाईंचा आकडा

मला स्वस्थ बसता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. शाळेत बाकावर पाय हलवते म्हणून छड्या खाल्ल्या आणि एमएस्सीला प्रयोग चालू असताना येरझाऱ्या घालते म्हणून बाईंची बोलणी खाल्ली. पण लातूरच्या त्या उन्हाळ्यात जीव जसा टांगणीला लागला, तसा पुन्हा कधी लागला नाही. आणि कारण काय, तर एक हापसा!

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेरीतल्या छापील कागदांवर अजून उस्मानाबादच होतं. ते खोडून वर लातूर लिहायचं आणि मग पुढचं काम. पाणी तपासायची आमची लॅब म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या, एक टेबल, थोडी काचेची भांडी, मी आणि चाचा. चाचा लॅबमधले मदतनीस. तीन-तीन कचेऱ्या बदलून पांढरे झालेले, त्यामुळे साहेबालाही न घाबरणारे. बायकांसाठी बाथरूम नव्हतं. मी विचारलं तर साहेब म्हणाले, ‘जिल्हा नवा आहे, थोडं सांभाळून घ्या.’ मी शेजारच्या किराणा दुकानदाराच्या घरी जात होते. ती माउली रोज चहा पाजायची, त्यामुळे पुन्हा जावं लागायचं.

दुष्काळाचं दुसरं वर्ष. आड आटले, नद्या तर कधीच्याच आटल्या. गावोगाव बोअर मारणं चाललं होतं आणि प्रत्येक बोअरचं पाणी आमच्याकडे बाटलीतून यायचं. पाणी प्यायला चालेल की नाही, ते मी सांगायचं. वय चोवीस. साहेब मला ‘बेटा’ म्हणायचे आणि माझा रिपोर्ट दोनदा वाचायचे. पुरुषाचा असता तर एकदाच वाचला असता, ह्याबद्दल मला आजही शंका नाही.

ही नोकरी मला लागली ती बाईंमुळे. बाई म्हणजे नांदेडच्या एका कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका, आमच्या शिक्षिका. बुटक्या, सुती पातळ, आवाज मात्र खणखणीत. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलींना त्या सोडायच्याच नाहीत. कुठे जागा निघाली की पोस्टकार्ड टाकायच्या: अर्ज कर, शेवटची तारीख अमुक, वडील नको म्हणाले तर मला कळव. माझ्या वडिलांचं उदगीरला भुसाराचं दुकान. ते नको म्हणाले तेव्हा बाई खरोखरच एसटीनं उदगीरला येऊन दुकानात बसल्या. दोन तास बसल्या. गिऱ्हाईक खोळंबलं, शेवटी वडील म्हणाले, ‘घेऊन जा बाई पोरीला, पण उठा आता.’

महिन्यातून एका शनिवारी आम्ही सगळ्या बाईंच्या घरी जमायचो. एक साखर कारखान्याच्या लॅबमधली, एक बिलोलीच्या शाळेत विज्ञान शिकवणारी, मी, आणखी एक-दोघी. बाई उपमा करायच्या आणि आम्ही गाऱ्हाणी गायचो. कारखान्यातली म्हणायची, मी रसाची चव घेऊन आकडा सांगते असं म्हणून पुरुष हसतात. बाई म्हणायच्या, ‘हसू देत. तू रोजचा आकडा फळ्यावर लिहीत जा. आठवड्यानं हसणं बंद.’ आणि व्हायचं तसंच!

बाईंनी आम्हाला एक शिस्त लावून दिली होती. एखाद्या नमुन्याबद्दल मनात किंतु आला, तर अर्धं पाणी दुसरीला पाठवायचं, पण आपला आकडा कळवायचा नाही. तिनं तिचं तपासायचं, मग दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे. बाटल्या एसटीच्या कंडक्टरबरोबर जायच्या, उत्तर पोस्टकार्डावर यायचं. माझ्या लॅबला धड बाटल्याही मिळाल्या नव्हत्या, म्हणून बाईंनीच त्यांच्या कॉलेजातून धुतलेल्या सहा पाठवल्या होत्या.

निलंग्याकडच्या एका गावातून पाणी आलं. गावातला एकुलता एक चालू हापसा. त्यात फ्लोराइड किती, ते पाहायचं होतं. ते जास्त झालं तर पोरांचे दात डागाळतात, पुढे हाडं धरतात. तपासायची रीत साधी होती. पाण्यात लाल रंगाचं औषध घालायचं. फ्लोराइड असेल तितका तो लाल रंग उडतो, पिवळटपणा येतो. मग ठरवून तयार केलेल्या रंगांच्या नळ्यांशेजारी आपली नळी धरायची आणि डोळ्यांनी जुळवायची. माझा आकडा आला शून्य पूर्णांक नऊ. दीडपर्यंत चालतं, म्हणजे बिनघोर प्या. पण गावाचा एकच हापसा, आपण पोरसवदा, चुकलो तर? म्हणून अर्धं पाणी बाईंच्या बाटलीत भरून नांदेडच्या गाडीला दिलं.

चौथ्या दिवशी पोस्टकार्ड आलं. दोन पूर्णांक चार.

मी ते कार्ड हातात धरून खोलीत फिरत राहिले. नऊ कुठे, चोवीस कुठे! शिस्तीप्रमाणे पुढे काय करायचं, हे मला पाठ होतं. आकडे जुळले नाहीत तर कुणाचाच धरायचा नाही, नवीन पाणी आणून दोघींनी पुन्हा करायचं. पण साहेबांना रिपोर्ट त्याच दिवशी हवा होता. आणि खरं सांगू? ते निमित्त झालं. बाई चुकतील हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. ज्यांनी मला नळी धरायला शिकवलं त्या चुकल्या आणि मी बरोबर? माझा आकडा वहीत खोडला, बाईंचा लिहिला, सही केली. साहेबांनीही ह्या वेळी रिपोर्ट एकदाच वाचला. हापशाचा दांडा तारेनं बांधला गेला आणि त्याला लाल रंग फासला गेला.

त्यानंतर माझं काही खरं नव्हतं. जेवायला बसले की उठायची. दोनदा नांदेडच्या गाडीत चढून बसले आणि गाडी सुटायच्या आत उतरले. काय सांगणार होते बाईंना? तुमचं चुकलंय असं वाटतंय? वाटतंय म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं तर?

एकोणीस-वीस दिवस गेले असतील. चाचा बाईंच्या उरलेल्या बाटल्या पुसत होते. एकीचं झाकण काढून त्यांनी नाक मुरडलं. ‘म्याडम, ह्याच्यात ब्लीचिंगचा वास मारून राहिलाय.’

मी बाटली उजेडात धरली. तळाशी पांढरी पुटं. ब्लीचिंग पावडरनं रंग उडतो हे कपडे धुणारी कुठलीही बाई सांगेल. नांदेडलाही टँकरचं पाणी होतं, त्यात पावडर मुठीमुठीनं पडत होती. त्याच पाण्यानं बाटल्या धुतल्या असणार आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्यानं खळबळायच्या राहिल्या असणार. बाईंच्या नळीतला लाल रंग फ्लोराइडनं उडवलाच नव्हता, तो पावडरनं उडवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निलंग्याची एसटी, पुढे जीप. ग्रामसेवकाला घेऊन हापशाची तार सोडली आणि माझ्या स्वच्छ बाटलीत पाणी घेतलं. दांड्याचा आवाज ऐकून माझ्याच वयाची एक बाई घागर घेऊन पळत आली.

‘चालू झाला का वं ताई?’

‘नाही. तपासायला घेतेय.’

तिनं घागर खाली ठेवली. तेव्हा तिनं सांगितलं, की आता पाणी शिवाराकडच्या जुन्या बारवेतून आणतात, पायऱ्या पार ढासळल्यात. ‘सासूबाई घसरल्या तिथं परवा. हात मोडला. लई वरडल्या.’ ती रागावली नव्हती, नुसती सांगत होती. मी बाटलीला बूच लावलं आणि चिठ्ठीवर तारीख लिहिली.

आकडा पुन्हा शून्य पूर्णांक नऊच आला. तीनदा केलं. दुसऱ्या दिवशी नेमका शनिवार होता, बाईंच्या घरचा. पिशवीत ती वासाची बाटली घेऊन मी गेले. उपमा झाला, गाऱ्हाणी झाली, बिलोलीच्या मैत्रिणीला बढतीसाठी कुणाला भेटायचं ते सांगून झालं. माझी ताटली तशीच. शेवटी कारखान्यातली म्हणाली, ‘अगं, बस की एका जागी! मुंग्या लागल्या का?’

मी बाटली बाईंच्या पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगितलं. सगळं म्हणजे हापसा, सासूबाईंचा हात, तीनदा आलेला आकडा.

बाईंनी झाकण काढून वास घेतला. ‘ह्या मीच धुतल्या होत्या,’ त्या म्हणाल्या. ‘डिस्टिल्ड पाणी संपलं होतं. म्हटलं, चालतंय.’ मग मान वर केली. ‘तुझा पहिला आकडा किती होता?’

‘शून्य पूर्णांक नऊ.’

‘मग तो गेला कुठे?’

‘खोडला.’

‘का?’

‘तुमचा आला म्हणून.’

बाईंचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता ओरडतील, पण आवाज अगदी खाली आला. ‘बाटली मी वाईट धुतली, ते माझं. पण म्हणजे इतकी वर्षं मी तुम्हाला रसायनशास्त्र शिकवलंच नाही. पाया पडायला शिकवलं.’

मला रडू कोसळलं. त्यांनी पाठीवरून हात फिरवला नाही. आत गेल्या आणि लातूरला निघायला पिशवी भरून आल्या. मी म्हटलं, उद्या रविवार आहे, तर म्हणाल्या, ‘तुझ्या साहेबाला घर असेल ना?’

होतं. साहेब बनियनवर बाहेर आले. आधी म्हणाले, सोमवारी बघू. मग म्हणाले, जिल्हा नवा आहे, रिपोर्ट फिरवला तर लोक काय म्हणतील. बाई दारातून हलल्या नाहीत. स्वतःच्या हातानं लिहून दिलं, की बाटली मी धुतली, चूक माझी, हे पाणी चांगलं आहे. मीही खाली लिहिलं, की मी माझा आकडा खोडला. साहेबांनी दोन्ही वाचलं, दोनदा, आणि सही केली.

सोमवारी आम्ही दोघी गावात पोचलो तोवर तार सोडून झाली होती आणि घागरींची रांग लागली होती. बाई घामाघूम होऊन पुढे गेल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘हापसा बंद झाला तो माझ्या चुकीनं. पाणी चांगलं होतं. मला माफ करा.’ बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शहरातली म्हातारी बाई माफी मागते, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. एक-दोघी हसल्यासुद्धा.

ती माझ्या वयाची बाई हसली नाही. बाईंना ओलांडून ती माझ्यासमोर आली.

‘ह्यांचं चुकलं, बरं. आन् तुमचं? तुमाला ठावं व्हतं का पानी चांगलं हाय म्हनून?’

बाई माझ्या अगदी शेजारी उभ्या होत्या. त्यांनी सगळा दोष घेतला होता, मी गप्प राहिले असते तर तो त्यांच्याकडेच राहिला असता.

‘हो,’ मी म्हणाले. ‘पहिल्या दिवसापासून.’

तिनं मान हलवली. घागर हापशाखाली लावली. मी पुढे होऊन दांड्याला हात घातला, म्हटलं, मी हापसते, तुम्ही भरा.

तिनं माझा हात दांड्यावरून काढला. ‘ऱ्हाऊ द्या,’ ती म्हणाली. ‘तेवीस दिस आमी वाहिलं. हेबी आमीच भरतो.’