राष्ट्राध्यक्षांचं विमान आणि आमचं अंगण

मागच्या आठवड्यात चुलत नणंदेच्या लग्नासाठी सासरी हिर्डोशीला गेले होते. पोचले तेव्हा आमचे सासरे, म्हणजे आबा, एका परदेशी राष्ट्राध्यक्षांच्या बाजूनं तावातावानं भांडत होते.

बातमीच तशी होती. कुठल्याशा देशानं त्या राष्ट्राध्यक्षांच्या विमानाला आपल्या आकाशातून जाऊ दिलं नाही, बिचाऱ्यांना भलामोठा वळसा पडला. आबा मोबाईलवर नकाशा काढून येईल त्याला तो वळसा दाखवत होते... "वरनंच जायचंय ना? ह्यांचं काय झिजतंय?"

चहा ठेवता ठेवता सासूबाई म्हणाल्या, "आन दत्तूभावजींची गाडी गेल्यानं आपलं अंगण झिजतंय व्हय?"

आबांनी मोबाईलचा आवाज वाढवला.

तर झालंय असं. दत्तूकाका म्हणजे आबांचे चुलतभाऊ, नवरीचे वडील. त्यांचं घर आमच्या मागं, आणि पूर्वी त्यांची वाट आमच्या अंगणातूनच होती. काही वर्षांपूर्वी काकांच्या ट्रॅक्टरनं आमच्या तुळशीवृंदावनाचा कोपरा उडवला. काका म्हणाले, वृंदावनच वाटेत आलं... झालं! आबांनी अंगणाच्या तोंडाला आडवा बांबू टाकला आणि बोलणं बंद केलं. तेव्हापासून काका ओढ्याकडच्या लांबच्या रस्त्यानं जातात.

नेमका तोच रस्ता ऐन लग्नाच्या तोंडावर पाइपलाइनसाठी खोदून ठेवला. लग्नाचं कार्यालय भोरला. हळद लागलेल्या नवरीला ओढ्यातून चालत न्यायची आमच्याकडं पद्धत नाही, आणि आबांना विचारायला काका तयार नाहीत. आबा तर लग्नालाही येणार नव्हते.

नवरी, आमची अश्विनी, मला बाजूला घेऊन म्हणाली, "वहिनी, माझं लगीन मुहूर्तावर लागंल का न्हाई?" डोळे भरलेले. मला त्या दोन्ही म्हाताऱ्यांचा भयंकर राग आला.

मग काय... मी राजदूत झाले. या घरातून त्या घरात निरोप पोचवून माझे पाय दुखायला लागले.

आबांच्या अटी अशा, की फक्त नवरीची गाडी जाईल. अंगणात थांबायचं नाही, कुणी खाली उतरायचं नाही आणि बँड वाजवायचा नाही. काकांनी उलट निरोप धाडला, "वाजवल्याबिगर नवरी न्यायची म्हंजी पळवून नेल्यावानी दिसतंय." शेवटी एकदा हॉर्न वाजवण्यावर तोडगा निघाला. मोठमोठ्या देशांचे मुत्सद्दी काय वेगळं करत असतील?

लग्नाच्या सकाळी आबांनी स्वतः बांबू काढला आणि आपलं लक्षच नाही असं दाखवत ओट्यावर पेपर घेऊन बसले. मागच्या घराकडून नवरीला आणि काकांना घेऊन जीप आली, ठरलेला हॉर्न वाजला... आणि अंगणाच्या मधोमध गाडी बंद पडली. ड्रायव्हरनं चावी फिरवून पाहिली, पण बॅटरी नुसतीच कण्हली.

काका खाली उतरले आणि आबांकडं न बघता बॉनेट उघडायला लागले. आबांनी पेपर खाली ठेवला, उठले. मला वाटलं, आता तो बांबू परत येतोय.

"बघत काय बसलाय?" ते आमच्यावरच डाफरले. "हळदीची नवरी दारात थांबलीया. रिकाम्या ओटीनं लावून देता का तिला?"

हा रिवाज मोडायची आमच्याकडं कुणाची छाती नाही, आणि अटी घालताना आबांना तो आठवला नसावा. सासूबाई क्षणात तांदूळ, नारळ आणि खण घेऊन बाहेर आल्या. इतक्या पटकन, की मला अजून त्यांचाच संशय येतो... अश्विनी खाली उतरली. ओटी भरून झाली, ती आबांच्या पाया पडली आणि आबा उगाचच नारळ नीट बसलाय का ते बघत राहिले.

मग गाडी ढकलायची वेळ आली. एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला काका. थोडा वेळ दोघंही गाडीशीच बोलत होते.

शेवटी आबा म्हणाले, "दत्त्या, अंगात जोर हाय का नुसता आवाजच हाय?"

काकांना हसू फुटलं आणि गाडी हलली.

इंजिन सुरू झालं तशी अश्विनीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "आबा, पाचपरतावणाला मी येईन तवा ह्याच वाटंनं येऊ का?"

"येडी का काय तू? म्हायेराला येताना कुनी वाट इचारतं व्हय?"

गाडी अंगणाबाहेर पडली तसे आबा आत गेले आणि ठेवणीतला सदरा घालून, टोपी नीट करत, लग्नाला निघायला बाहेर आले.

त्या बॅटरीचं देव भलं करो.