कॅमेऱ्यातलं दुसरं कार्ड

"काका, घर कुठं तुमचं?" पुढच्या सीटवरच्यानं मान वळवून विचारलं. माझा कॅमेरा त्याच्या मांडीवर होता.

मी मागं बसलेलो, दोन गड्यांच्या मधी. गाडी नदीच्या पात्रातून वर निघाली होती. सकाळचे दहा वाजले असतील.

"माजलगाव," मी म्हणालो. मी गेवराईचा.

"घरी कोण कोण?"

"कुणी न्हाई. एकटाच हाय."

हे पण खोटं. बायको घरी होती. पण असल्या माणसांना घरचा पत्ता द्यायचा नसतो, एवढी अक्कल चौथी शिकलेल्याला पण असते.

मी आयुष्यभर लग्नाचे फोटो काढले. बाजूनं पेपरला फोटो द्यायचो. त्याला स्ट्रिंगर म्हणतात. म्हणजे पेपरचा माणूस, पण पेपरच्या पगारावर नसलेला. चांगलं झालं तर पेपरचं, वाईट झालं तर आपलं.

गोदावरीच्या वाळूवरून तेव्हा लई तापलं होतं. चकलांब्याच्या पुढं नदीकडच्या गावकऱ्यांनी वाळूचे टिप्पर अडवले, दगडफेक झाली, दोघांची डोकी फुटली. परदेशात लढाई चालू असते तिथं फोटोवाल्यांना पळवून नेतात, असं बातम्यांत दाखवतात. आमच्याकडं लढाई नव्हती. पण माणूस पळवायला लढाईच लागते असं काही नाही.

आदल्या दिवशी बीडवरून पेपरच्या डेस्कवरल्या साहेबांचा फोन आलता.

"काका, जेसीबी दिसला पायजे अन् टिप्परचा नंबर वाचता आला पायजे. न्हाईतर तहसीलवाले म्हणतात, फोटो जुना हाय."

"त्याला जवळ जावं लागंल, साहेब."

"झूम लावा की."

"झूम लावला तरी मी तिथंच उभा असतो, साहेब."

तरी गेलतो. बाभळीच्या आडून अकरा फोटो काढले. नंबर स्वच्छ आले. तेवढ्यात गाडी माझ्याकडं येताना दिसली. मग मी तेच केलं जे गडबडीच्या जागी काम करणारा कुठलाही फोटोवाला करतो. कॅमेऱ्यातले फोटो कार्डात असतात, पोस्टाच्या तिकिटाएवढा प्लास्टिकचा तुकडा असतो तो. भरलेलं कार्ड काढायचं, लपवायचं, अन् कॅमेऱ्यात रिकामं कार्ड घालायचं. मग कुणी कॅमेरा हिसकावला तरी त्याच्या हाताला काही लागत नाही. माझं भरलेलं कार्ड कागदात गुंडाळून कमरेला खोचलेल्या तंबाखूच्या पिशवीत गेलं. दुसरं वरच्या खिशात होतं, ते कॅमेऱ्यात घातलं.

ते रिकामं आहे का, हे मी बघितलं नाही.

गाडी डांबरीवर लागली. पुढच्यानं कॅमेरा चालू केला. बटन दाबत गेला. मग थांबला.

"ही म्हातारी कोण?"

दुसरं कार्ड रिकामं नव्हतं. पाडव्याला सकाळी माझी बायको कौसल्या अंगणात बसली होती, हिरव्या लुगड्यात. चाळीस वर्षांत तिनं मला फोटो काढू दिला नव्हता. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर. "लोकांच्या बायकांचे काढा," म्हणायची. त्या दिवशी काय मनात आलं कुणास ठाऊक, आपणहून म्हणाली, "काढा आज." सात फोटो काढले. एकात ती हसत होती. ते कॉम्प्युटरवर घ्यायचे राहिले होते. आज करू, उद्या करू.

"वाळूचे कुठंयत?" त्यानं विचारलं.

"काढलेच न्हाईत. तुमी आलात की."

माझे खिसे तपासले. बॅग उलटी केली. बूट काढायला लावले. मग माझ्या उजवीकडचा गडी म्हणाला, "काका, तंबाखू हाय का?"

तंबाखू मागितली तर आपल्याकडं नाही म्हणत नाहीत, अन् म्हणालो असतो तर त्यानं पिशवीच घेतली असती. म्हणून मीच पिशवी काढली. दोन बोटं आत घातली, चिमूट काढली, चुना लावला, चांगली मळली अन् त्याच्या हातावर ठेवली. मग डावीकडच्यालाही दिली. बोटाला कार्ड लागत होतं.

"म्हातारा तंबाखू झकास मळतो बे," डावीकडचा म्हणाला.

पुढच्याचं ध्यान कॅमेऱ्यातच होतं. त्यानं कार्ड बाहेर काढलं.

"काका, खरं सांगा. ही घरची हाय का? घरची असंल तर ठिवा तुमच्याजवळ. आमाला काय करायचं तिचं."

त्याचा आवाज खरा वाटला. पण एकटाच हाय म्हणून मी आधीच सांगून बसलो होतो. एक खोटं निघालं असतं तर पुढं गाव निघालं असतं, मग पिशवी.

"न्हाई," मी म्हणालो. "गिऱ्हाईक हाय."

"मग गिऱ्हाईकाचे दुसरे काढा." त्यानं कार्ड दातात धरून मोडलं अन् खिडकीतून फेकलं.

अर्ध्या तासानं मला रस्त्यावर उतरवलं. मोबाईल दगडानं फोडला, कॅमेरा दिला. कॅमेऱ्याची चोरी लागते, कार्डाची लागत नाही. मी एसटी धरून गेवराईला आलो अन् फोटो पाठवले. माझं नाव टाकू नका म्हणालो, ते ऐकलं त्यांनी. एक फोटो पहिल्या पानावर छापला. आठ दिवस उपसा बंद राहिला. नवव्या दिवशी पलीकडच्या काठावरून सुरू झाला.

कौसल्येला त्याच दिवशी सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"काय म्हणालात मला?"

"गिऱ्हाईक."

"मग गिऱ्हाईकाचे फोटो हरवले म्हणून सांगाया आलात व्हय?" ती हसली. "लग्नावाल्यांसंग बी असंच करता?"

"परत बस की. आत्ता काढतो."

"आता न्हाई. एकदा बसले, ते बी तुमी घालवलं. नंबर लावा, गिऱ्हाईकाला वेळ झाला की बघंल."

दोन वर्षं मी म्हणत राहिलो, ती थट्टेवर नेत राहिली. कार्तिकात चार दिवसांच्या तापानं गेली.

तेराव्याला हाराचा फोटो लागतो. असे शेकडो मी लोकांना करून दिलेत, राशन कार्डावरून, नाहीतर वऱ्हाडाच्या घोळक्यातून डोकं कापून. वर त्यांना रागवायचो, की माणूस जितं असताना एक धड फोटो काढून घेता येत नाही का तुम्हाला. माझ्या घरी लग्नाचे दोन फोटो निघाले, दोन्हींत पदर तोंडावर. शेवटी आधार कार्डावरून केला. मोठा केला तर डोळे उघडे आहेत की मिटलेत तेच कळत नाही. तोच भिंतीवर आहे.

त्या माणसाला चार गोष्टी खोट्या सांगितल्या होत्या. त्यातली एकटाच हाय ही आता खरी झाली.

नवीन फोटोवाले विचारायला येतात, धरलं तर काय करायचं? मी म्हणतो, धरल्यावरचं मला काय कळत नाही. निघायच्या आधी दोन्ही कार्डं बघा अन् घरचं असंल ते घरी उतरवून ठेवा. दोन मिनिटं लागतात.