तिसऱ्या कडव्यातली बाई

"सर, मले झिरो काहून देल्ला?"

टेबलापलीकडे बी.ए. फायनलची पल्लवी वानखडे उभी होती. हातात तिच्याच उत्तरपत्रिकेची झेरॉक्स. इंग्रजीच्या पेपरातल्या चौथ्या प्रश्नाच्या समासात लाल पेनानं ठसठशीत शून्य, आणि खाली दोन शब्द: 'इर्रेलेव्हंट. रूरल.' यातला दुसरा शब्द शेरा आहे की शिवी, हे मला अजून कळलेलं नाही.

ऐंशीच्या पेपरात तिला अठ्ठावीस होते. पासिंग बत्तीसला. बाकी सगळ्या विषयांत ती पास होती. बी.एड.च्या प्रवेशफेरीसाठी मार्कशीट शुक्रवारी संध्याकाळच्या आत अपलोड करायची होती आणि तो मंगळवार होता. चार मार्क मिळाले नाहीत तर वर्ष गेलं.

"एक साल थांबली तं मामा थांबनार नाही, सर. त्यानं स्थळ आणून ठेवलं हाये."

मी अमरावतीच्या एका ऑटोनॉमस कॉलेजात इंग्रजी विभागाचा प्रमुख आहे. राहतो अकोल्याला, रोज अपडाऊन. ऑटोनॉमस म्हणजे पेपर आम्हीच काढायचा, आम्हीच तपासायचा, निकालही आम्हीच लावायचा. विद्यापीठाच्या नावानं बोटं मोडायची सोय त्यात राहत नाही, एवढा एक तोटा.

प्रश्न एका रोमँटिक कवितेवर होता. रोमँटिक म्हणजे प्रेमाची नव्हे. दोनशे वर्षांपूर्वीच्या ज्या इंग्रज कवींना शहरापेक्षा झाडं-डोंगर बरे वाटत, त्यांच्या कवितेला हे नाव पडलं. आमच्या सिलॅबसमध्ये त्यातल्या एका फारशा नावाजलेल्या नसलेल्या कवीची ऑटमवरची चोवीस ओळींची कविता आहे. पहिल्या कडव्यात धुकं. दुसऱ्यात पिकाच्या पेंढ्या बांधून गाडीत भरल्या जातात. तिसऱ्यात रिकाम्या शेतात सूर्य बुडताना एक बाई वाकून चालते आहे. तिच्या ॲप्रनची एक बाजू जड झाली आहे. दोनदा ती फाटकाकडे बघते. कविता संपते.

दहा मार्कांचा प्रश्न: या बाईचं महत्त्व स्पष्ट करा.

पल्लवीचं इंग्रजी मोडकं होतं, पण उत्तर मोडकं नव्हतं. मराठीत सांगायचं तर तिनं लिहिलं होतं: ही बाई सरवा वेचते आहे. पीक काढून नेल्यावर शेतात ज्या शेंगा, जी कणसं पडून राहतात त्याला सरवा म्हणतात. ज्यांना शेत नाही त्या बाया तो वेचून नेतात. अंधार पडायच्या आत वेचायचा असतो म्हणून ती घाईत आहे. ॲप्रन म्हणजे तिचा ओचा, तो भरत आला आहे. फाटकाकडे ती मालक येतो का हे पाहते. या ऋतूत कोणी मरत नाही. या ऋतूत सगळ्यांना काम असतं.

मी उत्तर दोनदा वाचलं. मग कपाटातून कविता काढून तीही दोनदा वाचली. सत्तावीस वर्षांपूर्वी ही कविता मी शिकवायला घेतली होती, पुढे ती तरुण सहकाऱ्यांवर सोपवली. शेत मी बसच्या खिडकीतून पाहिलेलं आहे, तेही मूर्तिजापूरच्या आसपास जाग आली तर.

"बस इथं," मी पल्लवीला म्हटलं आणि पेपर तपासणाऱ्या गावंडेंकडे गेलो.

प्रा. गावंडे माझेच विद्यार्थी, आता माझ्याच विभागात सहकारी. मेहनती माणूस. शर्टाच्या खिशात तीन पेनं.

"गावंडे, या मुलीला शून्य?"

"सर, मॉडेल आन्सरमध्ये नाही ते."

मॉडेल आन्सर म्हणजे तपासणाऱ्यांसाठी आधीच टाईप करून ठेवलेलं आदर्श उत्तर. कोणत्या मुद्द्याला किती मार्क तेही त्यात असतं. सगळे एकाच मापानं मोजले जावेत हा हेतू. हेतू चांगला आहे.

"काय आहे त्याच्यात?"

गावंडेंनी कागद दिला. मुद्दा एक: ऑटम हा आयुष्याच्या अखेरीचा ऋतू. मुद्दा दोन: एकाकी बाई म्हणजे मृत्यूची दूत. मुद्दा तीन: फाटक म्हणजे जीवन आणि मृत्यू यांच्यामधला उंबरठा, तिचं दोनदा बघणं म्हणजे पलीकडचं बोलावणं.

"कोणत्या गाढवानं लिहिलं हे?"

गावंडेंनी खिशातल्या पेनाचं टोपण काढून पुन्हा बसवलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"अहो बोला ना. कुठल्या गाईडातून उचललंत?"

"सर, तुमचंच आहे."

त्यांनी कपाट उघडून खाकी कव्हर घातलेली एक जुनी वही काढली. बी.ए.ला असतानाची. वर माझं नाव, खाली तारीख, आणि आत त्यांच्या सुवाच्य अक्षरात मी डिक्टेट केलेले ते तीनही मुद्दे. मृत्यूच्या दूताखाली स्केल लावून दोन रेघा.

आठवलं. नोकरीचं पहिलं वर्ष. कविता आदल्या संध्याकाळी पहिल्यांदा वाचलेली. ॲप्रन जड का झाला हे कळलं नव्हतं. इंग्रजी कवितेत सूर्य बुडताना एकटी बाई दिसली की ती मृत्यूच असणार, असा एक समज एम.ए.ला असताना कुठून तरी चिकटला होता. वर्गात गेलो, छाती काढून सांगितलं, पोरांनी उतरवून घेतलं. ती पोरं मास्तर झाली. त्यांनी पुढच्यांना सांगितलं. आता ते टाईप होऊन, सही-शिक्क्यानिशी माझ्याकडेच परत आलं होतं.

"गावंडे, मी चुकलो होतो."

"असेल सर," गावंडे नम्रपणे म्हणाले. "पण आता ते अप्रूव्ह झालं आहे."

पुढचा दरवाजा देशमुखांचा. देशमुख म्हणजे परीक्षा विभागाचे प्रमुख, आमच्या भाषेत सीओई. विषय कॉमर्स. नांदगाव खंडेश्वरकडे घरची पन्नासेक एकर जमीन. नियम तोंडपाठ.

"मॉडेल आन्सर चुकलं म्हणता?" ते चष्म्यावरून पाहत म्हणाले. "मग बाकीच्या पोरांचं काय? एकशे चाळीस पेपर आहेत सर. शंभराच्या वर पोरांनी मृत्यू लिहिला. आठ-आठ दिले गावंडेंनी. त्यांचे कापता?"

ती शंभर पोरं निर्दोष होती. मास्तरांनी सांगितलं ते त्यांनी लिहिलं. गुन्हा माझा, आणि मुदत संपलेला.

"निदान हिच्यासाठी समिती तरी बसवा."

समिती गुरुवारी दुपारी बसली. प्राचार्य, देशमुख आणि मी. प्राचार्य गडबडीत होते. शनिवारपासून 'साहित्यातील ग्रामीण जाणिवा' या विषयावर राष्ट्रीय परिसंवाद होता. बॅनर त्यांच्या केबिनमध्येच उलगडून ठेवलेलं. त्यावर प्राचार्यांचा फोटो उद्घाटकांच्या फोटोपेक्षा किंचित मोठा आला होता आणि तो लहान करावा की नाही यावर आमची पहिली पंधरा मिनिटं गेली.

"विषय काय आहे?" शेवटी त्यांनी विचारलं.

मी सांगितला.

"म्हणजे कॉलेजचं अधिकृत उत्तर चुकीचं होतं असं मिनिट्समध्ये लिहायचं? मूल्यांकन समिती येते आहे दिवाळीनंतर. मिनिट्स वाचतात ते."

"उत्तर माझं आहे. मी लेखी मागे घेतो."

"तुम्ही मागे घ्याल हो. कॉलेजला कसं घेता येईल?"

मी म्हटलं, ग्रामीण जाणिवांवर तीन दिवस बोलायच्या आधी दहा मिनिटं एक ग्रामीण जाणीव समोर बसवून ऐकू या. प्राचार्यांना हे आवडलं नाही, पण बॅनरसमोर बसून नाही म्हणणं त्यांना अवघड गेलं. पल्लवीला आत बोलावलं.

ती खुर्चीच्या टोकावर बसली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. प्राचार्यांनी विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेला खास आवाज काढला.

"बेटा, ही बाई कवीनं एकाकी दाखवली आहे. सूर्यास्त आहे. खिन्नता आहे. तुला ती जाणवली नाही का?"

"नाही, सर."

"का बरं?"

"तिले टाइम कुठं हाये, सर? अंधार पडून राहिला. ओचा भरायचा हाये."

"पण एकटीच का आहे मग?"

"एकटी नाही गेली तं वाटे पडतात नं."

देशमुख इतका वेळ नियमांची फाइल चाळत होते. ते थांबले. मी कविता त्यांच्यापुढे सरकवली. कॉमर्सचा माणूस, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ही कविता वाचली, ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत. फाटकापाशी बोट थांबलं.

"तू हे कशावरून म्हणतेस," त्यांनी विचारलं, "का ती मालकाले पाहून राहिली?" बोलता बोलता त्यांची भाषा कधी घरची झाली ते त्यांनाही कळलं नाही.

"माय जाते माही सोयाबीनच्या सरव्याले. मी बी गेली हाये. धुऱ्याकडे, बांधाकडे पाहाच लागते, सर. गाडी दिसली का उठाचं."

"कोनाच्या वावरात जाता?"

"कोनाच्याबी. जो हाकलत नाही त्याच्या."

देशमुखांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला नाही.

"बरोबर हाये हे," ते प्राचार्यांना म्हणाले. "आमी जीप घेऊन गेलो का बाया अशाच पाहातात. दोनदा. पहिल्यांदा कोन आलं ते, अन् मंग उतरून राहिला काय ते."

सत्तावीस वर्षांत या कवितेचं इतकं चांगलं विवेचन माझ्या विभागात झालेलं नाही, आणि ते कॉमर्सवाल्यानं केलं.

"आठ द्या," मी म्हटलं.

तेवढ्यात देशमुखांमधला सीओई जागा झाला. त्यांनी चष्मा घातला आणि फाइलमधलं पान उघडलं. समितीला जास्तीत जास्त पाच मार्क वाढवता येतात. पाचच्या वर गेलं की पेपर बाहेरच्या परीक्षकाकडे जातो. त्याला महिना-दीड महिना. आणि त्या परीक्षकाला आपण सोबत काय पाठवणार? मंजूर झालेलं मॉडेल आन्सर.

"म्हणजे आठ दिले तर ही नापास," मी म्हटलं.

"बहुतेक."

"आणि पाच दिले तर पास."

"तेहतीस होतात. पास."

"देशमुख, उत्तर अर्धं बरोबर नाही. पूर्ण बरोबर आहे. पाच कशाचे द्यायचे? बाई वेचते आहे पण अर्धीच वेचते आहे?"

"सर, तत्त्व तुमचं बरोबर आहे. शुक्रवार उद्या आहे."

मी ऐकायला तयार नव्हतो. माझी चूक मला पूर्ण मार्कांनी फेडायची होती, हे आता लिहिताना कळतं. प्राचार्य घड्याळाकडे बघत होते. शेवटी पल्लवीच बोलली.

"सर, आठाचं मी काय करू? पाच द्या नं."

"तुझं उत्तर चूक नाही, पल्लवी."

"ते मले मालूम हाये, सर. चूक हाये असं मी कवा म्हटलं? मले मार्कशीट पाहिजे."

पाच दिले. मिनिट्समध्ये प्राचार्यांनी स्वतः वाक्य सांगितलं: 'सदर उत्तर पर्यायी दृष्टिकोन म्हणून अंशतः ग्राह्य धरण्यात येत आहे.' मी सही केली. देशमुखांनी नवी मार्कशीट त्याच संध्याकाळी काढून दिली, शिक्का स्वतः मारला. शुक्रवारी सकाळी पल्लवीनं दर्यापूरच्या नेट कॅफेतून ती अपलोड केली आणि मला फक्त अंगठ्याचं चित्र पाठवलं. पुढच्या महिन्यात तिचं बी.एड.ला नाव लागलं. मामाचं काय झालं ते मी विचारलं नाही.

मृत्यू लिहिणाऱ्यांचे आठ मार्क कायम आहेत. सरवा लिहिणारीला पाच. चूक एकदा टाईप होऊन मंजूर झाली की तिला कोणी काही विचारत नाही. बरोबर माणसाला मात्र समितीपुढे बसून घासाघीस करावी लागते. नोकरीच्या शेवटच्या टप्प्यावर हे शिकायला मिळालं.

या वर्षी कविता पुन्हा स्वतः शिकवायला घेतली. तिसऱ्या कडव्याशी आल्यावर नोट्स बाजूला ठेवल्या आणि वर्गाला सांगितलं की ही बाई मृत्यूबित्यू कोणी नाही, ती पडलेलं धान्य वेचते आहे, मीच पूर्वी चुकीचं सांगितलं होतं. मला वाटलं, निदान खळबळ होईल. दुसऱ्या बाकावरच्या मुलानं हात वर केला. त्याच्यापुढे मागच्या बॅचच्या नोट्सची झेरॉक्स होती.

"सर, मग मृत्यू खोडायचा?"

"खोडा."

साठ पेनं खाली गेली. साठ जणांनी मृत्यू खोडला आणि वर नीट अक्षरात 'धान्य' लिहिलं. एकानंही काहून म्हणून विचारलं नाही.