एकटी का गेली?

मी जात्याच संशयी बाई आहे. दूधवाल्याने माप जरा घाईने उलटं केलं तरी मला खटकतं. पण बालवाडीच्या बाईंनी आमच्या साहेबांवर आळ घेतला तेव्हा माझा संशय साहेबांवर गेला नाही, त्या बाईंवर गेला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. परळच्या एका खोलीतून आम्ही वाशीच्या दोन खोल्यांत आलो होतो. तेव्हा इथे महापालिका नव्हती. गॅस हवा, शाळेत प्रवेश हवा, फोन हवा, की साहेबांचं पत्र आणायचं. साहेब म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. मार्केटच्या वर पहिल्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. बाहेर बाकडी, आत त्यांची खोली.

साहेबांकडे आम्ही बायका नेहमी दोघी-दोघींनी जायचो. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. "जरा सोबत येतेस का?" एवढं दारातून म्हटलं की समोरची हातातलं काम टाकून पदर सारखा करत निघायची. कशाला, असं विचारायची पद्धत नव्हती.

बालवाडीच्या बाई मराठवाड्यातल्या, बौद्ध कुटुंबातल्या, असतील बावीस-तेवीस वर्षांच्या. घणसोली गावात भावाकडे भाड्याच्या खोलीत राहायच्या आणि आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांना शिकवायच्या. माझी धाकटी त्यांच्याकडेच पहिली अक्षरं गिरवायला शिकली. तरी त्यांच्या चहाचा कप मी वेगळा ठेवला होता. बालवाडीला सरकारी मान्यता मिळाली असती तर त्यांची नोकरी पक्की झाली असती. नाहीतर सोसायटी केव्हाही हॉल काढून घेणार होती. मान्यतेसाठी अर्थातच साहेबांचं पत्र लागत होतं.

त्या दुपारी त्या माझ्या दारात आल्या. "ताई, साहेबांनी तीनला बोलावलंय. तुमी येता का? मला मोठ्या माणसांशी बोलायला सुधरत नाही."

मी म्हटलं, "अहो, पाणी यायची वेळ झाली."

पाणी चारला यायचं. तेव्हा अडीच वाजले होते. मला झोपायचं होतं, दुसरं काही नाही. "मग एकट्या जाऊ नका" एवढं तरी म्हणता आलं असतं. पण त्यांनी "का?" विचारलं असतं, आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं. मी दार लावून घेतलं.

मी पिंप भरत होते तेव्हा बातमी जिना चढून वर आली. बाई रडत साहेबांच्या ऑफिसातून खाली आल्या होत्या आणि भाजीवाल्यांच्या मधोमध उभं राहून सगळं बोलल्या होत्या. साहेबांनी दार लावलं, हात धरला, जवळ ओढलं. मग त्या पोलीस चौकीवर गेल्या, तर तिथे त्यांना दोन तास बसवून ठेवलं आणि तक्रार न लिहिताच घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या बिल्डिंगमध्ये दुसरा विषय नव्हता. माझे मिस्टर म्हणाले, "इलेक्शन आलंय. कुणीतरी उभी केलेली दिसते." शेजारच्या वहिनी महिला मंडळाच्या अध्यक्षा. त्या म्हणाल्या, "मी मुद्दाम बघितलं तिच्या हाताकडे. एक बांगडी फुटलेली नाय." खोटं कशाला बोलू, मीसुद्धा बघितलं होतं. आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता, एकटी का गेली? जिन्यात, नळावर, रेशनच्या रांगेत. मीही तो विचारला. एकदा नाही, चांगला चार-पाचदा विचारला, आणि दरवेळी मान हलवून.

मग वहिनी एक फुलस्केप घेऊन आल्या. साहेबांच्या बाजूने निवेदन द्यायचं ठरलं होतं, आणि माझं अक्षर चांगलं. वहिनी सांगत गेल्या तसं मी लिहीत गेले. "आम्ही खाली सह्या करणाऱ्या महिला साहेबांच्या कार्यालयात वेळोवेळी गेलो असून आम्हांस तेथे नेहमीच बहिणीसारखी वागणूक मिळाली आहे." यातला शब्दन् शब्द खरा होता, त्यामुळे माझा हात कुठे अडला नाही. पहिली सही वहिनींची, दुसरी माझी. बाकीच्यांच्या सह्यांसाठी कागद दोन दिवस खाली सोसायटीच्या फळ्यावर लावला. त्याच फळ्यावर शेजारी दुसरी सूचना लागली, की हॉल पुढच्या महिन्यापासून शिवणवर्गाला दिला आहे.

बाई हॉलची किल्ली द्यायला आल्या. बालवाडी सुटली की ती माझ्याकडे असायची.

"ताई, फळ्यावरचं अक्षर तुमचंच ना?"

"हो."

"चौदा सह्या हायेत. यातली एकटी कोण गेली होती, तेवढं सांगा. मी तिच्यापुढं जाऊन सांगते, मी खोटी हाये म्हणून."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्या खरोखर उत्तराची वाट बघत उभ्या होत्या. मी मनातल्या मनात सह्यांवरून उतरत गेले. मी वहिनींबरोबर, वहिनी माझ्याबरोबर. तिसऱ्या मजल्यावरची सासूला घेऊन. समोरची तिच्या जावेला घेऊन. शेवटच्या सहीपर्यंत गेले, एकही एकटी सापडली नाही. मला दया यायला हवी होती, पण आला तो राग, चोरी पकडली गेल्यावर येतो तसला. मी किल्ली घेतली आणि "बरं" म्हटलं. त्या जिना उतरून गेल्या. बालवाडीच्या दारावर मुलांनी चिकटवलेल्या कागदी पताका मी पुढच्या आठवड्यात स्वतः खरवडून काढल्या.

बाई किल्ली देऊन गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी कागद घेऊन दारात आल्या. "चल, साहेबांना देऊन येऊ."

"तुम्हीच द्या ना," मी म्हटलं.

"वेडी की काय? मी एकटी कशी जाऊ?"

बोलून गेल्यावर त्या थांबल्या. तेव्हा तो कागद फाडता आला असता. पण आमच्या गॅसचं पत्र अजून साहेबांच्या टेबलावर पडून होतं. मी पायात चपला घातल्या.

साहेबांनी निवेदन सावकाश वाचलं. "अक्षर कुणाचं? छान आहे हो." वहिनींनी माझ्याकडे बोट केलं. साहेब माझ्याकडे बघून हसले. "येत जा. काही काम असलं की येत जा."

मी हात जोडले आणि वहिनींच्या दंडाला दंड लागेल इतकी सरकले. वहिनींनी खालच्या खाली माझं मनगट धरलं. त्यांचा तळवा घामाने ओला झाला होता, आणि जिना उतरून मार्केटमध्ये येईपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.